ओठाचा उजवा कोपरा

तिला खोडरबर हे नाव कॉलेजच्या तिसऱ्याच दिवशी पडलं, आणि ते ठेवणाऱ्या सरांना तिचं खरं नाव पुढे वर्षभर आठवलंच नाही. हजेरी घेताना ते तिच्या नावापाशी अडायचे, चष्म्यावरून वर्गभर बघायचे आणि विचारायचे, ही म्हणजे आपली खोडरबर ना? वर्ग हसायचा. तीही हसायची, कारण न हसणाऱ्याचं काय होतं ते तिने पहिल्याच आठवड्यात पाहिलं होतं.

नाव तिने कमावलेलंच होतं म्हणा. ती एक रेघ ओढायची आणि दोन पुसायची. बाकीच्यांच्या कागदावर तासाभरात नाक-डोळे उभे राहायचे, हिच्या कागदाला तासाभरात भोक पडायचं. समोर टेबलावर बाटली आणि दोन कांदे मांडलेले असले, की ही त्या कांद्यांशी अशी झुंजायची की शेजारचे हळूच विचारायचे, डोळ्यांत पाणी आलं का गं?

घरात याआधी कोणी पेन्सिल धरली असेल तर ती वाणसामानाची यादी करायला. वडील बस चालवायचे, आई घरी बसून काज-बटणं करायची. दहा वर्षांची असताना हिने वडिलांच्या बसची पाटी नव्याने काढून दिली होती, कारण जुन्या पाटीवरचा तीन लांबून आठासारखा दिसायचा आणि म्हातारी माणसं भलत्याच गाडीत चढायची. वडिलांनी ती पाटी काचेत लावली, आठवडाभर मिरवली, आणि मग डेपोच्या साहेबाने काढायला लावली. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात डिझाइनचं खूळ शिरलं ते शिरलंच. अक्षरं, पाट्या, पुस्तकांची कव्हरं, औषधांच्या खोक्यांवरच्या सूचना, जे जे लोक वाचतात आणि चुकतात ते ते नीट करायचं.

वडिलांनी एका वर्षाची मुदत दिली होती. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, त्यात जिवंत माणूस समोर बसवून चित्र काढायचं. वर्षाच्या शेवटी साडेतीन तासांची एकच परीक्षा. माणसाचं डोकं, खांद्यापर्यंत, कोळशाने. तिला म्हणायचे हेड स्टडी. अडतीस जणांतले पहिले बारा डिझाइनच्या वर्गात जाणार, उरलेले प्रमाणपत्र घेऊन घरी. आणि घरी हिची सोय आधीच लागलेली होती. थोरल्या काकांचं झेरॉक्सचं दुकान होतं आणि मशीनपाशी एक स्टूल रिकामं ठेवलेलं होतं. काका दर रविवारी येऊन विचारायचे, काय, कुठवर आलं चित्र? आमच्याकडे एक बटण दाबलं की दहा निघतात.

आता त्या सरांविषयी. त्यांना येत होतं, हे आधी मान्य करावं लागेल. पण शिकवण्याची त्यांची पद्धत अशी होती की शनिवार आला की निम्मा वर्ग आजारी पडायची कारणं शोधायचा. आठवड्याचं काम सगळ्यांनी जमिनीवर एका रांगेत मांडायचं, खिडकीपासून दारापर्यंत. खिडकीशी सर्वांत चांगलं, दाराशी सर्वांत वाईट. सर काठीने कागद मागे-पुढे सरकवायचे, रांग पक्की झाली की वर्ग सुटायचा. दार एकच. बाहेर पडायचं तर शेवटच्या तीन-चार कागदांवर पाय देऊनच जावं लागे, आणि ज्याचे ते कागद असतील त्याने सगळे जाईपर्यंत बाजूला उभं राहून बघायचं. उचलायला बंदी. पहिल्या सहा महिन्यांत खोडरबरचा कागद चौदा वेळा दाराशी होता. एकदा तिच्या आईने घरी तो कागद उलगडला, बराच वेळ बघितला आणि पोरीला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "बाकीचं मला कळत नाही, पण बुटाचा ठसा अगदी हुबेहूब काढलायस."

सर तिच्यामागे येऊन उभे राहायचे आणि काही न बोलता अंगठ्याने तिचं चित्र फासून टाकायचे. मग म्हणायचे, "माणसाला दोन डोळे असतात हे तुला माहीत आहे, म्हणून तू दोन काढतेस. समोर बघ. दिसतात का दोन? माहीत आहे ते नको काढूस. दिसतंय ते काढ." वाईट याचं, की ते बरोबर सांगत होते. तिला दिसतच नव्हतं.

समोर जो माणूस बसायचा त्याला पोरं पुतळा म्हणायची. सत्तरीचा, हाडकुळा, कान मोठे, गालांत खड्डे. चित्र काढायला याच्यासारखा चेहरा नाही. एकतीस वर्षं एका नऊमजली कचेरीत लिफ्ट चालवून तो निवृत्त झाला होता. लोखंडी पिंजऱ्यात स्टुलावर बसून वर जायचं आणि खाली यायचं, त्यामुळे बसण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. एकदा बसला की बसला. पोरं त्याला हलवायच्या पैजा लावायची. मागून मानेवर ओला ब्रश टेकवायची, कानात फुंकर घालायची, एकदा तर एकाने त्याच्या बुटाच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवल्या आणि तास संपल्यावर म्हातारा उठायला गेला तो तोंडावर आपटला. वर्गाची हसून हसून पुरेवाट झाली. त्याने उठून कपडे झटकले, नाड्या सोडल्या आणि सांगितलं की पडलो ते तास संपल्यावर, तासात नाही, तेव्हा पैज तुम्ही हरलात.

हा अभिमान होता त्याचा. परीक्षेच्या दिवशी तर तो मधल्या सुटीतही उठायचा नाही. एकदा उठलं की मान पुन्हा त्याच कोनात येत नाही आणि पोरांचं नुकसान होतं, असं त्याचं म्हणणं. पोरं बाहेर पाणी प्यायला जायची, हा आपला रिकाम्या खोलीत एकटाच बसलेला.

खोडरबरशी त्याचं जमलं ते जिन्यावर. दोघंही डबा तिथेच खायचे. हा दुसरी जागा नव्हती म्हणून, ही वर्गात नको म्हणून. तो तिची चित्रं बघायचा आणि न हसता म्हणायचा, हा माझा थोरला भाऊ दिसतोय, किंवा हा आमचा वॉचमन. एक दिवस ती रडकुंडीला आलेली बघून त्याने डब्याचं झाकण लावलं.

"तू माझ्याकडे बघतेस कुठे? कागदाकडे बघतेस आणि सरांच्या पायांकडे बघतेस, आले का म्हणून," तो म्हणाला. "माझ्या लिफ्टमध्ये लोक शिरले की मी मजला विचारत नव्हतो. तोंडाच्या कडा बघायचो. साहेबाकडे बोलावलेल्याच्या कडा वेगळ्या, पगाराला निघालेल्याच्या वेगळ्या. नाक-डोळे रोज तेच असतात गं."

त्या आठवड्यापासून बुधवारी दुपारी वर्ग रिकामा असला की तो तिच्यासाठी बसायला लागला. फुकट, तासभर, खिडकीच्या उजेडात. ती कागद न घेता नुसती बघायची. मग पाठ फिरवून काढायची. पुन्हा बघायची. आजोबा, जरा इकडे. आजोबा, हनुवटी खाली. नाव न घेता ती त्याला आजोबाच म्हणायची, आणि पुतळा या शब्दावर सगळे हसले की तीही हसायची. तेवढं धैर्य तिच्यात नव्हतं आणि त्यानेही कधी त्याची अपेक्षा केली नाही. तीन महिन्यांत तिचा कागद दारापासून सरकत सरकत रांगेच्या मध्यावर आला. एका शनिवारी ती एकोणिसावी होती. बारा अजून सात कागद लांब होते.

परीक्षेच्या दिवशी पावणेनऊला म्हातारा आला आणि स्टुलावर बसण्याआधी तिच्या ईझलपाशी, कागद लावायच्या घोडीपाशी, थांबला. कपाळ चोळत होता. म्हणाला, "डोकं जरा जड आहे गं आज."

ती कोळशाच्या कांडीला टोक करत होती. वर न बघता म्हणाली, "आज तेवढं हलू नका हं, आजोबा."

"मी कधी हललोय?" तो म्हणाला आणि जाऊन बसला.

नऊला घंटा झाली. नियम सगळ्यांना पाठ होते. दोन छोट्या सुट्या सोडल्या तर बोलायचं नाही, जागा सोडायची नाही, बसलेल्या माणसाला काही सांगायचं नाही. जो बोलेल त्याचा कागद तिथेच रद्द. सर हात मागे बांधून फिरत होते, पण त्यांचं लक्ष कागदांवर होतं. अडतीस जणांचं लक्ष होतं एका चेहऱ्यावर. अख्ख्या गावात त्या दिवशी एवढं निरखून कोणाकडे कोणी बघत नसेल.

दोन सुट्या झाल्या, म्हातारा उठला नाही. दुसऱ्या सुटीत तर पोरं खूश होती, पुतळा आज फॉर्मात आहे म्हणून. साडेअकराच्या सुमाराला खोडरबरने तोंड काढायला घेतलं. डोकं, कान, गालांतले खड्डे जमून आले होते. ओठांची रेघ ओढली, उजव्या कोपऱ्यावर जरासा दाब दिला, वर बघितलं. कोपरा जुळत नव्हता. समोर तो थोडा खाली होता. चूक तिचीच असणार, तिच्या चुका तिला नव्या नव्हत्या. तिने पुसलं, खाली घेतलं, वर बघितलं. कोपरा आणखी खाली.

तिसऱ्यांदा पुसून झालं. तिने दारावरच्या घड्याळाकडे बघितलं, अजून किती वेळ आहे म्हणून. अकरा चाळीस. मग ती कागद विसरून नुसती बघत राहिली, बुधवारी बघायची तशी. उजवा गाल ओघळला होता. उजव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर आली होती. डावी बाजू रोजची आणि उजवी कोणा भलत्याच माणसाची. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची बारीक रेघ हनुवटीपर्यंत आली होती आणि खिडकीच्या उजेडात चमकत होती.

तिच्या मनात आलं. नाही आलं असं म्हणता येणार नाही. आजोबांना काहीतरी होतंय, हे शब्द तिच्या मनात स्वच्छ उमटले. त्याच्या डाव्या डोळ्याने तर सरळ तिच्याकडे बघितलं, आणि वर्षभरात बसलेला असताना त्याने कधी कोणाकडे बघितलं नव्हतं. ओरडायला त्याची जीभ उरली नव्हती, हे नंतर कळलं. पण डोळा बोलत होता आणि समोर बसलेल्या अडतीस जणांत चेहऱ्यावरचं वाचायला शिकलेली ती एकटी होती, त्यानेच शिकवलेली.

मग तिने पन्नास मिनिटं मोजली. पन्नास मिनिटं उरली होती, कागद आयुष्यात पहिल्यांदाच साधला होता, आणि बोललं तर तो रद्द. तिला काकांचं स्टूल दिसलं. तिने स्वतःची समजूत घातली की म्हातारा दमला असेल, डुलकी लागली असेल, बारा-साडेबाराला काय ते बघता येईल. आणि ती काढायला लागली. जे दिसत होतं ते, जसं दिसत होतं तसं. ओघळलेला गाल, अर्धी पापणी. लाळेच्या रेघेसाठी तिने रबराचं टोक चिमटीत धरून कोळशातून एक पांढरी धार काढली, आणि ती इतकी अचूक आली की तिला आनंद झाला. खरा आनंद. या गोष्टीतली सर्वांत वाईट गोष्ट कोणती असेल तर ती हीच.

साडेबाराला घंटा झाली आणि पुतळा स्टुलावरून उजवीकडे कलंडला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हलला म्हणून.

हॉस्पिटलात पोचायला सव्वा वाजला. सर गेले, दोन मुलं गेली, आणि हीही गाडीत चढली. का चढली ते तिलाही सांगता आलं नसतं. म्हाताऱ्याची बायको शेजाऱ्याच्या स्कूटरवरून धापा टाकत आली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. तपासण्या आटोपून तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा भिंतीवर दोनला दहा कमी होते. मेंदूत रक्ताची गुठळी आहे, त्या घाईघाईने म्हणाल्या. ती विरघळवायचं औषध आहे, पण ते झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाल्यावर दिलं तर मेंदूत रक्त फुटून माणूस जागीच जातो.

"हे कधी सुरू झालं? नेमकी वेळ हवी," त्या म्हणाल्या. "शेवटचं त्यांना चांगलं कोणी पाहिलं?"

सरांनी आठवून आठवून सांगितलं की नऊला बसले तेव्हा ठीक होते, पुढे ते बोललेही नाहीत आणि उठलेही नाहीत, पडले ते साडेबाराला. डॉक्टरीणबाईंनी मनाशी हिशेब केला. नऊपासून पाच तास होत आले होते. मधली वेळ कोणी सांगू शकेल का, असं त्यांनी पुन्हा विचारलं आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. खोडरबरच्या तोंडाकडेही बघितलं. तिच्या बोटांना अजून कोळसा होता. अकरा चाळीस. दोन शब्द होते. पण ते उच्चारले की पुढचा प्रश्न ठरलेला होता, तुला कसं माहीत, आणि माहीत होतं तर बोलली का नाहीस. सर शेजारीच उभे होते. ती मूग गिळून बसली. डॉक्टरीणबाईंनी क्षणभर वाट बघितली, मग वेळ कळत नसेल तर औषध देता येणार नाही असं सांगून त्या आत गेल्या.

म्हातारा वाचला. वाचला म्हणजे उजवं अंग गेलं, वाचा गेली, तोंड कायमचं वाकडं झालं.

निकालाच्या दिवशी कागद पुन्हा जमिनीवर मांडले. सरांनी काठीने तिचा कागद उचलून खिडकीशी नेला, अगदी पहिल्या जागी. हिने काय काढलंय ते सरांना कळलेलं होतं. त्या तोंडाकडे बघून कोणालाही कळलं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तुम्ही सदतीस जणांनी गेल्या महिन्यातला म्हातारा काढलाय, पाठ झालेला. त्या दिवशी समोर बसला होता तो हिने एकटीने काढला. याला बघणं म्हणतात." आणि हजेरीच्या वहीत बघून त्यांनी तिचं खरं नाव मोठ्याने वाचलं. काकांनी ते स्टूल दुसऱ्या पुतण्याला दिलं. वडिलांनी डेपोत पेढे नाही पण चहा वाटला आणि सांगत सुटले की पोरगी पहिली आली.

दोन महिन्यांनी सगळी चित्रं मोठ्या दालनात लावली, तेव्हा म्हाताऱ्याची बायको कॉलेजात आली. चपला या खेपेला एकाच जोडातल्या होत्या. तिचं मागणं साधं होतं. घरात त्याचा धड फोटो नव्हता, आणि आता रोज तो वाकडा चेहरा बघून बघून पहिला कसा होता तेच आठवेनासं झालं होतं. एखादं चित्र मिळालं तर भिंतीवर लावीन. सरांना भरून आलं. ते म्हणाले, हवं ते घ्या, आजी, आणि तिला दालन दाखवायला त्यांनी मुद्दाम पहिल्या आलेल्या मुलीला बोलावलं.

म्हातारी भिंतीच्या कडेकडेने निघाली. प्रत्येक चित्रापाशी थांबायची, हसायची. हा कान बरोबर आहे. हा फारच देखणा काढलाय, एवढा तो लग्नातही नव्हता. खोडरबर एक पाऊल मागून चालत होती आणि उरलेली चित्रं मोजत होती. शेवटचं चित्र तिचं होतं, त्याला वेगळी चौकट आणि वर छोटा दिवा. म्हातारी त्याच्यासमोर आली आणि तिचं हसू थांबलं.

"हे तू हॉस्पिटलात येऊन काढलंस का गं, पोरी?" तिने विचारलं.

खोडरबर काही बोलायच्या आत सर अभिमानाने म्हणाले, "छे, छे, आजी. त्याच दिवशी काढलंय, परीक्षेत. इथेच, समोर बसून."

म्हातारी जवळ गेली. ओठाच्या कोपऱ्याभोवती तीनदा पुसल्याच्या खुणा होत्या, एकाखाली एक. तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं नाही, फक्त बघितलं, वरची खूण, मग खालची, मग त्याखालची. पोराबाळांची, नातवंडांची तोंडं वाचलेली बाई होती. मग ती वळली. रडत नव्हती, ओरडली तर नाहीच.

"किती वाजता?" तिने विचारलं.

सरांना वाटलं परीक्षेची वेळ विचारतेय, ते नऊ म्हणायला लागले. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"अकरा चाळीस," खोडरबर म्हणाली.

म्हातारीने मान हलवली, पत्ता विचारल्यावर कोणी नीट सांगितला की हलवतात तशी.

"डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं होतं," ती म्हणाली.

मग ती मागे गेली आणि बावीस नंबरच्या मुलाचं एक चित्र तिने मागून घेतलं. त्यात नाक चुकलं होतं आणि ओठ सरळ होते. शिपायाने ते कागदात गुंडाळून दिलं. डिझाइनचा वर्ग त्यानंतरच्या सोमवारी सुरू झाला, आणि खोडरबर पहिल्या बाकावर बसली, कारण जागा नंबराप्रमाणे होत्या.